मूळ आवाजाचा नमुना

वर्तमानपत्रात 'प्रतिक्रिया' कशी तयार होते, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की त्याला आधी हसू येतं. मग तो विचारतो, "म्हणजे ते तसं बोललेलेच नसतात?" नोकरीत असेपर्यंत या प्रश्नाला मी सरळ उत्तर दिलं नाही. आता नोकरी संपली आहे.

मी वर्ध्याला जिल्हा पानांवर काम केलं. तालुक्यांहून आलेल्या बातम्या वाचायच्या, कापायच्या, भाषा नीट करायची, मथळा द्यायचा आणि पानात बसवायच्या. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी माणूस नसतो. पेपरची एजन्सी त्याचीच असते, जाहिराती तोच आणतो, त्याचं स्टेशनरीचं किंवा झेरॉक्सचं दुकान असतं आणि उरलेल्या वेळात तो बातमी पाठवतो. काही घडलं की आम्ही त्याला सांगायचो, "चार प्रतिक्रिया घे." तो दुकानातूनच फोन लावायचा. पलीकडचा पुढारी म्हणायचा, "लिवून टाका ना जी तुमच्या हिशोबानं. तुमाले का सांगा लागते?" मग वार्ताहर लिहायचा. डेस्कवर आम्ही दोन शब्द घालायचो, दोन काढायचो आणि अवतरणचिन्हं द्यायचो. सकाळी पुढारी स्वतःचं मत पेपरात वाचायचा. बहुतेक वेळा ते त्याला पटायचंही.

याचे अपघात होत. एका माजी आमदारांच्या सभेचं भाषण त्यांच्या माणसाने दुपारीच पाठवून दिलं होतं. संध्याकाळी वादळ आलं, मंडप उडाला, सभा झालीच नाही. आमच्या पानावर मात्र 'टाळ्यांच्या कडकडाटात' तीन कॉलम भाषण छापून आलं. सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मी खुलाशाची वाक्यं मनात जुळवत होतो. ते म्हणाले, "भाषन झकास झालं, बावा. मले एकच सांग, मी तवा कुठं होतो?" खुलासा त्यांनी मागितला नाही. देवळीकडच्या एका गावचे सरपंच बाजाराच्या दिवशी ऑफिसात येऊन बसत. त्यांची तक्रार वेगळी होती. "तुमी माह्या नावानं छापता, त्याचं काई नाई. पन आदल्या दिवशी सांगत तं जा. लोक चौकात इचारतात, आन् मले माहंच मत मालूम नसते."

असे किस्से आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांना सांगून हसलो. पुढचा प्रसंग मी ऑफिसात कुणाला रंगवून सांगितलेला नाही.

माझ्या नोकरीतली ती शेवटची निवडणूक. जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेची. गावाचं नाव देत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. नगराध्यक्षपद महिलेसाठी राखीव होतं. प्रमुख दोन उमेदवारांपैकी एक वनिताताई. आधीची पाच वर्षं त्या नगरसेविका होत्या. त्यांचे पती दिलीपभाऊ यांचं कृषी केंद्र आहे, बियाणं आणि खतांचं दुकान. गावाला नगरसेवक म्हणून माहीत होते ते दिलीपभाऊच. सभागृहात वनिताताई सही करून बसायच्या आणि बोलायचे ते. आमचा तिथला वार्ताहर पुरुषोत्तम. प्रतिक्रिया हवी असली की तो दिलीपभाऊंना फोन करायचा, आणि पानावर 'असे नगरसेविका वनिताताई म्हणाल्या' असं यायचं. पाणीपुरवठा, मोकाट कुत्री, बसस्थानकाचं छत, स्त्रीशिक्षणाचं महत्त्व. या सगळ्यांवर त्यांची ठाम मतं आम्ही छापली आहेत.

त्यांच्या नावावर एक काम खरोखरचं होतं. नाल्याकाठी एक जुनी वस्ती आहे. तिथल्या घरांखालची जागा सरकारी. ती त्या कुटुंबांच्या नावे व्हावी, म्हणजे त्यांना पट्टे मिळावेत, यासाठी प्रत्येक घराचा अर्ज करायचा होता. दिलीपभाऊ कागद गोळा करून घरी आणायचे आणि वनिताताई अर्ज भरायच्या. सगळे अर्ज त्यांच्या अक्षरात आहेत. नंतर मी तहसीलमध्ये ते पाहिले. वस्तीला हे माहीत नव्हतं. वस्तीला एवढंच माहीत होतं, की ताई निवडून आल्या तर पट्टे मिळतील. निवडणूक त्यावरच उभी होती.

प्रचार सुरू झाल्यावर दिलीपभाऊंनी नागपुरातून एक ध्वनिमुद्रित कॉल तयार करून घेतला. गावातल्या मोबाइलवर तो गेला: "नमस्कार, मी तुमची वनिताताई बोलते." गोड, स्वच्छ, थोडा हसरा आवाज. त्याच आवाजावर वनिताताईंच्या फोटोचे ओठ हलवून एक छोटा व्हिडिओही निघाला. कॉलचा मजकूर प्रचाराच्या जाहिराती तपासणाऱ्या निवडणूक समितीकडून रीतसर मंजूर करून घेतला होता. आवाज कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. पुरुषोत्तमने बातमी पाठवली. मी कॉल ऐकला, मला तो आवडला, आणि मी मथळा दिला: 'वनिताताईंचा आवाज घराघरांत'.

मतदानाला चार दिवस उरले असताना क्लिप आली. पंधरा-वीस सेकंदांची, कुणाशी तरी फोनवर बोलल्यासारखी: "पट्टे कोनालेच भेटनार नाई. मतं पडेस्तोवर नाल्यावाल्याइले आशेवर ठेवा. मंग कोन इचारते." आवाज तोच. गोड, स्वच्छ, थोडा हसरा.

सकाळी दहाच्या आत पुरुषोत्तमचा फोन आला. "भाऊ, वस्तीतल्या बाया दिलीपभाऊच्या दुकानापुढं येऊन बसल्या. शटर खाली हाये."

"आवाज तिचाच आहे?"

"गाव तं म्हनते हाव. कॉल सगळ्याइनं ऐकला ना. लहान पोरगंबी सांगते, ताईच हाये."

"तुला काय वाटतं?"

"मले का वाटते भाऊ, मी तं दिलीपभाऊसंगच बोलतो."

दिलीपभाऊंचाही फोन आला. क्लिप बनावट आहे, विरोधकांचं कारस्थान आहे, ताईंच्या नावाने निषेध छापा. मी म्हणालो, निषेध छापतो, पण या वेळी तपासही करतो. आमच्या मुख्य कार्यालयात व्हायरल गोष्टी तपासणाऱ्या दोन मुली होत्या. त्यांच्याकडे पाठवायचं ठरवलं. दिलीपभाऊ थोडं थांबले आणि म्हणाले, "करा ना. करा." ते थांबणं मी ऐकलं होतं. त्याचा अर्थ लावायला हवा होता.

आवाजाची तपासणी कशी होते ते थोडक्यात सांगतो. आवाज माणसाचा की यंत्राचा हे कधी कधी कळतं. पण क्लिप या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरली की आवाज दबतो आणि खुणा पुसल्या जातात. मग उरते ती तुलना. वादातला आवाज आणि त्या माणसाचा खात्रीचा, मूळ आवाज शेजारी ठेवायचे आणि जुळतात का पाहायचं. त्या दोघींपैकी एकीने मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "सर, क्लिपवरून ठाम काही सांगता येत नाही. तुम्ही मूळ नमुना द्या. आणि तो पक्का त्यांचाच असला पाहिजे."

मी प्रचाराचा कॉल पाठवला.

"हा पक्का त्यांचाच आहे ना?"

"हो," मी म्हणालो. "आम्ही बातमीही केली आहे."

दुपारी उत्तर आलं: दोन्ही आवाज एकाच व्यक्तीचे असण्याची शक्यता दाट आहे. दुसऱ्या दिवशी आमच्या पानावर होतं: 'क्लिप आणि प्रचाराचा कॉल: आवाज एकच'. खाली वनिताताईंचा निषेध, दिलीपभाऊंनी सांगितलेला, पुरुषोत्तमने लिहिलेला, मी शुद्ध केलेला.

त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमारास एक बाई ऑफिसात आल्या. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी, चपलांवर बसस्थानकाची धूळ. मला वाटलं, हरवल्याची जाहिरात द्यायला आल्या असाव्यात. त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"मी वनिता."

आवाज जाड होता, खालच्या पट्टीतला. वाक्याच्या मध्येच त्या थांबायच्या, दम घेतल्यासारख्या. कॉलवरच्या आवाजाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. मी उभा राहिलो.

त्यांनी पिशवीतून आमचा अंक काढून टेबलावर ठेवला. "हे तुमी लिवलं?"

"हो."

"दोन आवाज एकच हाये म्हनून लिवलं. बरोबर हाये ते. दोन्ही एकाच मशीनचे हाये. त्यातला माहा एकबी नाई."

"कॉलसुद्धा?"

"हाव. हे म्हनत, तुहा आवाज भरडा हाये, भोंग्यावर चालत नाई. कॉल आला तवा मी सयपाकघरात होती. मीच उचलला. माह्याच फोनवर मीच मले मत मागून राह्यली होती."

आमचा संगणकावरचा माणूस हसला. त्या हसल्या नाहीत.

मी विचारलं, हे आधी का सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "कोनाले सांगू? पाच वर्स माहं नाव छापून राह्यले तुमी. कदी फोन केला मले?"

मी बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि पुढचे धोके समजावले. कॉलही बनावट होता असं छापलं, तर विरोधक म्हणतील की उमेदवारानेच मतदारांना फसवलं. तक्रार होईल. मतदानाला थोडे दिवस उरले असताना लोक कोणतं खोटं कुणाचं, हे वेगळं करत बसत नाहीत. "दिलीपभाऊंना माहीत आहे तुम्ही इथे आलात ते?"

"बसमंदी बसल्यावर सांगतलं. ते म्हनते, एक खोटं निस्तरता येते, दोन नाई. मी म्हनलं, दोन्ही मी केले नाई, तं मी कायले निस्तरू?" त्या थांबल्या. "मले निवडून याचं हाये, भाऊ. ते अर्ज मी भरले. पन त्या बाया मले चोर समजून राह्यल्या. आदी ते खोडा. निवडून याचं मंग पाहू."

मी त्यांच्यासमोर बातमी टाइप केली आणि वाचून दाखवली. 'असा आरोप वनिताताईंनी केला,' असं मी सवयीने लिहिलं होतं.

"आरोप कोनं केला? मी तं सांगून राह्यली."

'सांगितलं' केलं. त्यांनी अर्ज भरल्याचंही त्यात होतं. शेवटचा परिच्छेद मी माझ्या मनाने जोडला: आमच्या तपासणीसाठी दिलेला नमुना मूळ आवाजाचा नव्हता, त्यामुळे आधीच्या बातमीचा निष्कर्ष चुकीचा ठरतो. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला, मान हलवली आणि दीडच्या बसने परत गेल्या.

संध्याकाळी पानावर जाहिराती वाढल्या. शेवटचे दिवस, सगळ्याच पक्षांच्या. बातमीला जागा कमी पडली. आमच्या धंद्यात बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर लिहायचं आणि कमी महत्त्वाचं खाली, ही पहिल्या दिवशी मिळणारी शिकवण. शेवटचा परिच्छेद गेला. जागा कमी होती हे खरं आहे. पण आमची चूक शेवटच्या परिच्छेदात ठेवली होती मीच, आणि कापलीही मीच.

छापून आलं त्या दिवशी प्रचार संपणार होता. त्यामुळे गावाने सकाळी वाचलं ते असं: काल पेपर म्हणत होता, आवाज एकच, आज बाई म्हणते, दोन्ही माझे नाहीत. पेपर आपली चूक झाली असं कुठेही म्हणत नव्हता.

डेस्कचा माणूस सहसा जागा सोडत नाही. त्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्या गावी गेलो. पुरुषोत्तम मला मोटारसायकलवर बसवून नाल्याकाठी घेऊन गेला. वनिताताई भोंगा लावलेल्या ऑटोतून आल्या. दिलीपभाऊ सोबत नव्हते. वस्तीच्या तोंडाशी ऑटो थांबला, त्या उतरल्या आणि माइक हातात घेतला. "मी वनिता. तो आवाज माहा नाई. तुमचे अर्ज मी माह्या हातानं भरले."

लोक बाहेर आले. मग एक म्हातारी पुढे झाली. "तू कोन वं माय? ताईचा आवाज असा नाई. फोनवर मी ऐकला ना. कशी गोड बोलते ते."

"मीच ताई हाओ, आजी. फोनवरची मी नाई."

"तोंड तं तिचंच हाये," दुसरी एक म्हणाली. "आवाज बदलून आनला वाटते."

मागून एका तरुणाने ओरडून सांगितलं, "माइकमंदी फिट केलं हाये काईतरी! आजकाल मशीननं आवाज बदलवता येते. परवा चोरी उघडी पडली, आता आवाज बदलून राह्यली!"

वनिताताईंनी माइक ऑटोत ठेवला आणि तशाच बोलू लागल्या. पुढच्या ओळीतल्या बायांना ऐकू आलं. मागच्यांना नाही. मागचे विचारू लागले, "का म्हनते? का म्हनते?" पुढच्यांनी त्यांना आपापल्या शब्दांत सांगितलं. त्यात कुणी म्हणालं, ताई म्हणते कॉल खोटा होता. कुणी म्हणालं, ताई म्हणते पट्टे खोटे होते. मी हे सगळं वहीत उतरवत उभा होतो. पुरुषोत्तम म्हणाला, "तुमी सांगा ना भाऊ लोकाइले. तुमी तं दोन्ही आवाज ऐकले." पत्रकाराने प्रचारात बोलू नये, असं मी त्याला म्हणालो. नियम बरोबर आहे. मी तो अगदी सोयीच्या वेळी पाळला.

त्या हरल्या. वस्तीतल्या बूथवर त्यांना सगळ्यात कमी मतं पडली. निवडून आलेल्या बाईंचा सत्काराचा फोटो आम्ही तीन कॉलम छापला. क्लिप कुणी तयार केली, हे अजून कळलेलं नाही. ज्याला तो कॉल मिळाला होता, त्याला त्या आवाजावरून ती करता आली असती. म्हणजे गावातल्या प्रत्येकाला.

काही महिन्यांनी, माझी नोकरी संपल्यावर, पोलिसांचा फोन आला. वनिताताईंनी तक्रार दिली होती. तपास अधिकारी सभ्य, नेमकं बोलणारे होते. क्लिप नागपूरला प्रयोगशाळेत पाठवायची, त्यासोबत बाईंच्या आवाजाचा नमुना लागणार. निवडणुकीच्या आधीचा असेल तर उत्तम. "तुमच्या पेपरात यांच्या पाच वर्षांच्या भरपूर प्रतिक्रिया आहेत. एखादं रेकॉर्डिंग असेलच."

"नाही."

"एकही नाही? मग निदान त्यांच्याशी फोनवर बोललेलं कुणी? म्हणजे आवाज ओळखणारा साक्षीदार तरी मिळेल."

"कुणी नाही. आम्ही त्यांच्याशी कधी बोललोच नव्हतो."

मग त्यांनी विचारलं, "हे जबाबात घेतलं तर चालेल?"

"घ्या," मी म्हणालो.

मी जबाब द्यायला गेलो, त्याच दिवशी वनिताताईंचा नमुना घ्यायचा होता. जबाबात मी लिहून दिलं की या पाच वर्षांत त्यांच्या नावे छापलेलं एकही वाक्य मी किंवा आमच्या वार्ताहराने त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं, आणि तपासणीसाठी मूळ म्हणून पाठवलेला आवाज त्यांचा आहे, ही खात्री मी कशाच्याही आधाराशिवाय दिली होती. कारकुनाने वाचून दाखवलं. मी सही केली. जुन्या ऑफिसातून एका सहकाऱ्याचा फोन आला, "काय गरज होती?" एवढाच. त्यानंतर त्या ऑफिसातून मला कधी बोलावणं आलेलं नाही.

नमुना घेताना अधिकाऱ्यांनी मला बसू दिलं. खोलीत दोन पंच होते, टेबलावर रेकॉर्डर, पंखा बंद केलेला. अधिकाऱ्यांनी वनिताताईंना पद्धत सांगितली. आधी नाव, गाव, तारीख. मग वादातल्या क्लिपमधली तीच वाक्यं, शब्द न बदलता, तीन वेळा. तुलना अचूक व्हायची तर शब्द तेच लागतात. त्यांनी कागद पुढे केला.

वनिताताईंनी कागद वाचला. "हेच बोलाचं?"

"हो ताई. प्रयोगशाळेचा नियम आहे."

"पन हे मी बोललीच नाई."

"तेच सिद्ध करायचंय ना आपल्याला."

पहिल्यांदा त्या अडखळत बोलल्या, शाळेत धडा वाचतात तसं. अधिकारी म्हणाले, "ताई, असं नको. घरी फोनवर बोलता तसं, सहज."

"सहज कसं बोलू जी?"

"प्रयत्न करा."

दुसऱ्यांदा जरा बरं झालं. तिसऱ्यांदा त्यांनी कागदाकडे न पाहता, रेकॉर्डरकडे पाहून, वाक्याच्या मध्ये नेहमीसारखं थांबत म्हटलं: "पट्टे कोनालेच भेटनार नाई. मतं पडेस्तोवर... नाल्यावाल्याइले आशेवर ठेवा. मंग कोन इचारते."

या वेळी ते अगदी खरं वाटलं. एका पंचाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

अधिकाऱ्यांनी रेकॉर्डर बंद केला, कार्ड पाकिटात घातलं, लाखेचं सील केलं. पंचांनी सह्या केल्या. वनिताताई पदर सारखा करून उठल्या. दाराशी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "हे बाहेर तं नाई ना जानार, भाऊ?"

मी म्हणालो, "नाही. सीलबंद आहे."

"हाव," त्या म्हणाल्या. "पन आता हाये ना ते."